औरंगजेब करू का? झाडीपट्टीतल्या एका जुन्या खलनायकाचं उत्तर

आधी प्रश्न सांगतो. लाखांदूर तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा. गावच्या मंडळानं मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, शंभूराजांवरचं नाटक धरलंय आणि औरंगजेब याच्या गळ्यात पडलाय. आई म्हणते, दुसरं काही घे. वडील म्हणतात, नाटकच नको. तो विचारतो की सिनेमातले एवढे मोठे नट हिटलर, खिलजी, औरंगजेब का कबूल करतात? त्यांना कामाची काय कमी? आणि मी हो म्हणू की नाही?

बाबू, मी एकतीस हंगाम झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या रंगभूमीवर, काढले. दिवाळी झाली की धान घरच्यांच्या भरवशावर टाकायचं आणि वडशाला जाऊन नाटक कंपनीच्या गाडीत बसायचं. होळीनंतर चेहऱ्याचा रंग धुवून पुन्हा धानाच्या बांधीत उतरायचं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत जिथं मंडई, जिथं बैलांच्या शर्यतीचा पट, तिथं आमचा पडदा. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक कोंबडं आरवेपर्यंत चालायचं. त्यात मी सावकार झालो, पाटील झालो, इंग्रज साहेब झालो, औरंगजेब झालो. अफजलखान म्हणून किती वेळा मेलो ते मोजलं नाही. हिरो एकदाच झालो. खरा हिरो आदल्या गावी ताप येऊन पडला होता म्हणून. त्या रात्रीबद्दल न बोललेलं बरं.

पैशाचं आधी उरकून घेऊ, कारण सगळ्यांना पहिली शंका तीच येते. हो, पैसे मिळतात. पोस्टरवर दुसरं नाव मिळतं. आमच्याकडे तर दिवाळीआधी तारखा लागायला सुरुवात होते तेव्हा चांगला खलनायक आणि चांगला विनोदी नट यांची वही हिरोच्या आधी भरते. देखणा पोरगा दर दोन वर्षांनी नवा मिळतो, पण लोकांना भीती वाटेल असा माणूस शोधावा लागतो. सिनेमात बक्षिसंही मिळतात. फॉरेस्ट व्हिटाकर या अमेरिकन नटाला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या भूमिकेसाठी २००७ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यासाठी तो स्वाहिली भाषा शिकला, अमीन वाजवायचा म्हणून अकॉर्डियन शिकला आणि युगांडात जाऊन अमीनच्या नातेवाइकांना भेटला. केवळ पैशासाठी काम करणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही. दाढी लावतो, डोळे वटारतो आणि पाकीट घेऊन घरी जातो. असे नटही पुष्कळ पाहिलेत मी.

खरी गोष्ट कामाची आहे. ऐतिहासिक नाटकात महाराजांचं काम करणं म्हणजे देवघरात उभं राहण्यासारखं असतं. आमच्याकडे महाराज स्टेजवर आले की लोक उभे राहतात. मध्येच कोणी हार घेऊन वर चढतो, म्हाताऱ्या बाया पायावर डोकं ठेवतात. नटाला धड शिंकताही येत नाही. मध्यंतरात त्यानं पडद्यामागं बिडी ओढलेली कोणी पाहिली तर सकाळी गावभर बोलणी. महाराज कसे दिसतात, कसे चालतात, कुठं थांबतात हे लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. नटानं फक्त त्या साच्यात चूक न करता बसायचं. ते सोपं नाही, मी त्याला कमी लेखत नाही. पण नटाला हात मोकळे हवे असतात, आणि ते खलनायकाला मिळतात. तो हळू बोलला तरी चालतं, पान खाल्लं तरी चालतं, हसून मारलं किंवा रडून मारलं तरी चालतं. प्रभाकर पणशीकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये औरंगजेब केला. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडेही त्यांचाच. दोन्ही माणसं वाईट, पण एकाची सावलीसुद्धा दुसऱ्यावर पडत नाही. सज्जन माणसाच्या दोन भूमिकांत एवढं अंतर दाखवायला नटाला वाव कुठं असतो?

सैफ अली खाननं हे उघडपणे कबूल केलं. २०२० च्या ‘तान्हाजी’मध्ये तो कोंढाण्याचा किल्लेदार उदयभान राठोड झाला होता. सिनेमा चालला आणि त्यानंतर एका मुलाखतीत तो म्हणाला की भूमिका फार चवदार होती म्हणून मी घेतली, पण याला इतिहास म्हणत असतील तर ते मला पटत नाही. लोक त्याच्यावर तुटून पडले. मला मात्र त्याचं कौतुक वाटलं आणि रागही आला. कौतुक एवढ्यासाठी, की बहुतेक नट भूमिकेबद्दल मोठमोठी कारणं सांगतात आणि यानं चव म्हटलं. राग एवढ्यासाठी, की ही शंका शूटिंगच्या आधी काढायची असते. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढं येतोच.

आता तुझ्या भूमिकेकडे बघ. गावातल्या नाटकांत औरंगजेब कसा असतो ते तुला ठाऊक आहे. चाळिशीतला, छाती काढलेला, तलवार हलवत गरगर फिरणारा. आता हिशेब कर. तो १६१८ चा. संभाजीराजांना संगमेश्वरला पकडलं १६८९ च्या फेब्रुवारीत आणि मारलं त्याच वर्षी ११ मार्चला. म्हणजे तुझा औरंगजेब सत्तर वर्षांचा म्हातारा आहे. १६८१ मध्ये तो फौज घेऊन दख्खनेत उतरला आणि पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. पुढची अठरा वर्षंही इथंच काढून १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. सत्तरीचा माणूस, आठ वर्षं तंबूत राहतोय, बाप कैदेत ठेवलेला, भाऊ संपवलेले, पोटचा मुलगा बंड करून गेलेला आणि समोर साखळदंडात उभा असलेला तरुण राजा मान खाली घालत नाहीये. असा म्हातारा गरगर फिरतो का? तो बसतो. उठायचं झालं तर आधी हात टेकतो, मग गुडघा. त्याचं पूर्ण उभं राहून होईपर्यंत दरबारात कोणी श्वास घेत नाही. मला हे कळायला सहा वर्षं लागली. कळलं त्या वर्षी मी मंडपाच्या मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे बघायला लागलो. लाकडी खुर्चीतून उठताना ते काय करतात, काठी आधी की पाय आधी. माझा औरंगजेब त्यांच्यातून आला. अक्षय खन्नानं २०२५ च्या ‘छावा’मध्ये असाच थकलेला, आवाज न चढवणारा औरंगजेब उभा केला तेव्हा वडशाच्या आमच्या जुन्या मंडळींना त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

स्वित्झर्लंडचा ब्रुनो गान्झ हा नट २००४ मध्ये हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरच्या सिनेमात हिटलर झाला. हिटलरची भाषणं सगळ्यांनी ऐकलेली असतात, पण तो घरात बसून कसा बोलायचा? १९४२ मध्ये फिनलंडच्या भेटीत त्याचं साधं बोलणं कोणीतरी गुपचूप ध्वनिमुद्रित केलं होतं. अकरा मिनिटांचं असेल. गान्झ ते ऐकत बसला. हिटलरचा हात थरथरायचा म्हणून कंपवाताच्या रुग्णांना बघायला दवाखान्यात गेला. त्यातून जो माणूस पडद्यावर आला तो खोलीत हळू बोलतो, सेक्रेटरीशी मायेनं वागतो, आणि त्याच तोंडानं लाखो लोकांच्या मरणाबद्दल बोलतो. काही लोकांनी तक्रार केली की याला माणूस कशाला केलं. मला विचारशील तर अंगावर काटा तिथंच येतो. राक्षस बघून आपण घरी येऊन निवांत झोपतो.

सगळे नट चवीसाठीच घेतात असंही नाही. कॉनराड फाइट नावाचा जर्मन नट होता. त्याची बायको ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा सरकारनं नटांकडून जातीधर्माचा फॉर्म भरून घेतला. हा ज्यू नसताना त्यानं त्यात ‘ज्यू’ लिहिलं आणि देश सोडला. पुढं हॉलिवूडमध्ये त्याच्या वाट्याला भूमिका कोणत्या आल्या? नाझी अधिकाऱ्यांच्या. १९४२ च्या ‘कासाब्लांका’तला मेजर श्ट्रासर तोच. नाझी करेन, पण तो वाईटच दिसला पाहिजे, ही त्याची अट असायची. ज्यांनी आपल्याला घराबाहेर काढलं त्यांचे कपडे घालून, त्यांची चाल चालून, जगाला दाखवायचं की बघा, हे असे असतात. त्याच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलं होतं? चार्ली चॅप्लिनचंही तसंच. तो आणि हिटलर एकाच महिन्यात, एप्रिल १८८९ मध्ये, चार दिवसांच्या अंतरानं जन्मले. मिशीही सारखी. १९४० मध्ये चॅप्लिननं त्या मिशीचा पुरेपूर उपयोग करून हुकूमशहाची टर उडवली. नंतर आत्मचरित्रात मात्र लिहिलं, की छळछावण्यांत खरं काय चाललंय ते तेव्हा माहीत असतं तर मला तो सिनेमा करता आला नसता.

आता एक गोष्ट सांगतो, जी बाहेरून दिसत नाही. खलनायकाचं काम मंडळानं कोणाला द्यायचं? तुमच्याकडे बहुधा ज्याचा आवाज मोठा आणि रंग सावळा त्याला देतात. चूक आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याची मान निर्धास्त देता येते त्याला द्यावं.

अफजलखानाची भेट घे. सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग, १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडचा पायथा. खान महाराजांची मान बगलेत दाबतो. स्टेजवर हे रोज होतं आणि ज्याची मान दाबली जाते तो पोरगा रोज तोच असतो. जिरेटोप डोक्यावर, अंगावर पत्र्याचं चिलखत, समोर दिव्यांचा झोत, त्याला काही दिसत नसतं. तेव्हा माझा डावा हात त्याच्या मानेवर दिसतो, पण जोर सगळा खांद्यावर असतो. कोपर मी माझ्याच बरगडीला टेकवून ठेवतो, म्हणजे तोल गेला तरी वजन त्याच्या गळ्यावर जाणार नाही. माझ्या पोटाला उशी बांधलेली, उशीत लाल पाण्याची पिशवी, आणि त्याच्या हातातला बिचवा लाकडी असला तरी टोक टोकच असतं. ते उशीच्या मध्यावर यायला हवं म्हणून मी पाऊण वीत डावीकडं सरकतो. आणि हे सगळं करताना चेहरा असा ठेवायचा की पहिल्या रांगेतली बाई पदर तोंडात धरेल. महाराजांना मारणारा मी आणि सांभाळणाराही मीच. एकदा मी त्याच्या कानात ‘हळू दाब रे, उशी सरकली’ म्हणालो. आमच्याकडे माईक वरून टांगलेले असतात, तो नेमका डोक्यावर. अख्ख्या मंडपानं ऐकलं. प्रतापगडावर एवढा हशा कधी पिकला नसेल.

म्हणून तुला विचारतो, शंभूराजांचं काम कोण करतोय? तुझं त्याचं जमतं का? भांडण असेल तर ते मिटव, नाहीतर भूमिका सोड. छळाच्या प्रसंगात त्याला दोरीनं बांधतील, त्याचे हात मागं असतील. मशाल तुझ्या माणसांच्या हातात असेल. तेल किती, अंतर किती, पडदा कुठं, हे तू स्वतः जाऊन बघायचं. ‘मी बादशहा आहे, ते काम सेवकाचं’ असं म्हणायचं नाही.

याच प्रसंगात माझ्याकडून चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

वीसेक वर्षं झाली असतील. पटाचं गाव होतं. दिवसा बैल पळाले आणि रात्री आमचं नाटक. तरुण पोरं भरपूर, अर्ध्यांच्या अंगात पटाचा जोर अजून उतरलेला नव्हता. दुसऱ्या अंकात मी एक लांब हसू टाकलं, लेखकानं न लिहिलेलं. शिट्टी आली. नटाला शिट्टी आली की त्याचं काय होतं ते तुला पहिल्या प्रयोगाला कळेल. मी पुढच्या प्रवेशात ते हसू पुन्हा टाकलं, आणखी लांब. पुन्हा शिट्टी. मग छळाचा प्रसंग आला. राजे बांधलेले, डोळ्यांपुढं मशाल, पेटीवाल्यानं सूर धरून ठेवलेला. तिथंही मी ते हसलो. आणि मंडप वाजला. शिट्ट्या, टाळ्या, समोरची चार पोरं माझ्या हसण्याची नक्कल करत होती. राजांचे डोळे जात होते आणि लोक मजेत होते. लोक मजेत होते कारण मी मजेत होतो.

प्रयोगानंतर मी फुशारलेला. आमचे मास्तर, म्हणजे दिग्दर्शक, कंदिलाजवळ बसून मिशीचा गोंद काढत होते. दंढारीपासून, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या लोकनाट्यापासून, आलेला माणूस, फार बोलायचे नाहीत. वर न बघता म्हणाले, “शिट्टी तुले भेटली गा. राजाले का भेटलं?”

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या गावाला ते हसू काढून टाकलं. त्या प्रवेशात मी नंतर पंधरा वर्षं काहीच केलं नाही. बसून राहायचो. समोर जे चाललंय ते बघवत नाही म्हणून औरंगजेबानं एकदा मान वळवली, एवढंच ठेवलं. शिट्टी पुन्हा आली नाही. मंडप शांत व्हायचा, कुठंतरी एखादं लेकरू रडायचं तेवढंच.

सिनेमातल्या नटाला ही सोय नसते, हे लक्षात घे. त्याला मंडप ऐकू येत नाही. तो आज हसतो आणि शिट्टी आठ महिन्यांनी वाजते, तीही दुसऱ्याच गावात. तोवर संकलकानं ते हसू तिप्पट लांब केलेलं असतं, खाली ढोल टाकलेला असतो. ‘शिंडलर्स लिस्ट’ १९९३ चा. त्यात राल्फ फाइन्स छळछावणीचा प्रमुख आमोन ग्योट झाला होता. त्या छावणीतून जिवंत वाचलेल्या मिला फेफरबर्ग या बाईंना सेटवर त्याच्याशी भेटवलं, तो गणवेशात होता. त्या थरथर कापायला लागल्या. त्या दिवशी फाइन्सला काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. नटाला यापेक्षा मोठी पावती नाही, आणि ही पावती खिशात घालून त्याला रात्री जेवायला बसायचं असतं.

आता ती राहिलेली गोष्ट, संहितेची. हो म्हणण्याआधी संपूर्ण नाटक वाच. फक्त तुझी पानं वाचू नको. तुझ्या माणसानं जे केलं ते खरंच केलं होतं का, हे जमेल तेवढं तपास. औरंगजेबानं संभाजीराजांना हाल करून मारलं, याबद्दल वाद नाही. पण सगळ्यांचं तसं नसतं. मोझार्ट नावाचा मोठा संगीतकार होऊन गेला. त्याच्याच काळातला संगीतकार सालिएरी यानं मत्सर करून त्याला संपवलं अशी कथा नाटकात आली, १९८४ मध्ये सिनेमात आली, सालिएरी करणाऱ्या नटाला ऑस्कर मिळालं. इतिहासाला त्या खुनाचा पुरावा सापडत नाही. बिचारा सालिएरी मेल्यावर दीडशे वर्षांनी जगभर खुनी ठरला. आपल्याकडचं बघ. इंग्रजांविरुद्ध उठलेले वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरला फाशी झाली. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता असं सांगतात. ते काम करणाऱ्या नटीला मी एकदाच सांगितलं होतं, की फितूर म्हणून डोळे फिरवू नको. मागं इंग्रजांचा दट्ट्या, पुढं आपलीच माणसं, जमीनदारी जाते की राहते याची रात्रभर काळजी, असं कर. अहेरी इथून फार लांब नाही. त्या माणसांची नातवंडं-पणतवंडं प्रेक्षकात असू शकतात. हिटलर करणाऱ्या गान्झला वडशाच्या बाजारात हिटलरचा पुतण्या भेटणार नव्हता, आपल्याला भेटतो.

दुसरं बघायचं ते असं, की तुझा औरंगजेब कशामुळं वाईट दाखवलाय. त्यानं केलेल्या कामामुळं, की त्याच्या दाढीमुळं? एका संहितेत तो नमाज पढायला बसला की भेसूर वाजंत्री लिहिली होती. मी ती काढायला लावली. लेखक चिडला. आमचा लाइटवाला मुसलमान होता, पंधरा वर्षांचा सोबती, माझ्यावर झोत टाकणारा तोच. माणूस सत्तर वर्षं नमाज पढत होता आणि त्याच हातानं हुकूम लिहीत होता. प्रेक्षकाला हुकुमाची भीती वाटली पाहिजे. नमाजावर वाजंत्री टाकली तर माझ्या लाइटवाल्यालाच मी खलनायक केलं, त्याचाच झोत अंगावर घेऊन. असं काही तुझ्या वहीत असेल तर बदलून घे. मंडळ ऐकत नसेल तर तेवढ्यासाठी मी नाही म्हणेन.

राहिली वडिलांची भीती. तिला हसू नको. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली. वडिलांनी ते टीव्हीवर पाहिलंय. डॉ. अमोल कोल्हे यांचं तर मोठं उदाहरण आहे. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज म्हणून घरोघरी पोचलेला माणूस. २०१७ मध्ये केलेला नथुराम गोडसेचा सिनेमा २०२२ च्या जानेवारीत बाहेर आला तेव्हा ते खासदार झालेले होते. गदारोळ झाला. भूमिका केली म्हणजे विचार पटले असं नव्हे, असं त्यांनी सांगितलं. शरद पवारांनीही त्यांची बाजू घेताना साधारण हेच म्हटलं, की शिवाजी महाराजांच्या सिनेमात औरंगजेब करणारा काही मोगल होत नाही. तरी शेवटी कोल्हे आळंदीला इंद्रायणीकाठी जाऊन आत्मक्लेश करून आले. आणि लोक फक्त खलनायकालाच धरतात असंही समजू नको. चिन्मय मांडलेकर महाराजांची भूमिका करायचे. मुलाचं नाव जहांगीर ठेवलं म्हणून लोकांनी घरच्यांना इतकं छळलं की २०२४ मध्ये त्यांनी महाराजांची भूमिकाच यापुढं करणार नाही असं जाहीर केलं.

मंडईचा प्रेक्षक मात्र तुला जन्मापासून ओळखतो. त्यानं तुला शेण काढताना पाहिलंय. तो शिव्या देईल त्या औरंगजेबाला देईल आणि सकाळी तुझ्याकडूनच ट्रॅक्टर मागायला येईल. धोका गावाबाहेरून येतो, मोबाइलवरून. तीस सेकंदांचा तुकडा काढून कोणी फिरवला की त्यात ना पुढचं असतं ना मागचं. मंडळाला सांग, छळाच्या प्रसंगाचं शूटिंग कोणी करायचं नाही, हे सुरुवातीलाच माईकवरून जाहीर करा. पोलीस पाटलांना तालमीला बोलवा. गावात मुसलमान घरं असतील तर त्यांतल्या वडीलधाऱ्याला पहिल्या रांगेत मानानं बसवा. कुजबुज व्हायची ती आधीच होऊन जाते.

माझे वडीलही अडले होते. “लोकं शिव्या देतेत तुले, बरं वाटते का?” असं विचारायचे. मी सांगायचा प्रयत्न केला, त्यांना पटलं नाही. मग एका वर्षी आमच्याच गावी प्रयोग लागला आणि मास्तरांनी त्यांना प्रेक्षकात न बसवता विंगेत स्टुलावर बसवलं. तिथून मान दाबणारा हात कोपरापासून दिसतो, खांद्यावरचा जोर दिसतो, उशी दिसते. ते रात्रभर काही बोलले नाहीत. पहाटे घरी जाताना एवढंच विचारलं, की त्या पोराच्या मानेला लागलं तर नाही ना. तुझ्या वडिलांना तू तालमीला ने, विंगेतच बसव. आईला मात्र त्या प्रसंगाच्या आधी घरी पाठव. आयांना हे बघवत नाही आणि त्यांनी बघावं असा आग्रह धरू नये.

तर घे भूमिका. तालमीत पहिले आठ दिवस दाढी-झगा काही लावू नको. घरातल्या आजोबांजवळ बस, ते उठतात कसे ते बघ. हसू कुठंही टाकू नको, लेखकानं लिहिलं असलं तरी आधी विचारून घे की कशाला हवंय. शंभूराजांचा पोरगा बांधलेला असताना त्याच्या मनगटाशी दोरीची गाठ अशी मारून घे की एका ओढीत सुटेल, आणि ती ओढ कोणी मारायची ते नाव घेऊन ठरव.

आणि दाढी स्पिरिट गमनं लावतील. प्रयोगानंतर झोप अनावर झालेली असते, पोरं ती ओढून काढतात आणि दुसऱ्या दिवशी हनुवटी सोललेली असते. आधी खोबरेल तेल चोळायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग कानाकडून सुरुवात करायची.